पॅरिश कौन्सिलला खुलं पत्र : इंग्रजी हवी तेवढी वाढवा, पण मुलांची मराठी प्रार्थना काढून घेऊ नका

आदरणीय फादर आणि पॅरिश कौन्सिलचे सर्व सदस्य,

गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, सूचना वाचल्या, त्यातली तिसरी ऐकून मी बाकावरच बसून राहिलो. यंदाच्या जूनपासून मुलांच्या मिस्साची आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांची भाषा फक्त इंग्रजी राहील, पुढच्या बैठकीत तसा निर्णय पक्का होईल, कुणाला काही म्हणायचं असेल तर त्यांनी लेखी द्यावं, असं सांगितलं गेलं. हे माझं लेखी म्हणणं. बंद पाकिटात न देता सगळ्यांसमोर मांडतोय, कारण हीच चर्चा आज वसईतल्या कितीतरी घरांच्या ओट्यावर चाललेली मला माहीत आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मुलगा बारावीला आहे, मुलगी आठवीला. दोघंही इंग्रजी माध्यमात. त्यांना तिथं मीच घातलं. मी स्वतः मराठी शाळेत शिकलो आणि चर्चगेटला नोकरीला लागलो तेव्हा इंग्रजीत दोन वाक्यं बोलताना घाम फुटायचा. मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून पोटाला चिमटा काढून फी भरली, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. तेव्हा हे पत्र इंग्रजीविरुद्ध आहे असं कृपा करून समजू नका. मी लिहितोय ते दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातल्या एका दुपारमुळे.

बाबा तेव्हा अतिदक्षता विभागात होते. वय एक्याऐंशी, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. एका वेळी एकालाच आत सोडायचे. मी औषधं आणायला खाली गेलो होतो म्हणून माझा मुलगा आत गेला. बाबांनी त्याचा हात धरला आणि माळेची, म्हणजे रोझरीची, प्रार्थना सुरू केली. आपल्याकडे माळ कशी म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको : एकानं पहिला भाग म्हणायचा, बाकीच्यांनी दुसरा. बाबांनी पहिला भाग म्हटला आणि ते थांबले. पोराला पुढचं मराठीत येत नव्हतं. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि पुन्हा थांबले.

रात्री ओट्यावर बसून त्यानं मला हे सांगितलं. "पप्पा, मग मी इंग्रजीत म्हटलं. आजोबांनी ऐकून घेतलं, माझ्या हातावर थोपटलं. आणि मग माझा भागपण त्यांनीच म्हटला."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले.

त्या प्रार्थनेच्या दुसऱ्या भागातच 'आता आणि आमच्या मरणसमयी' हे शब्द येतात. साठ-सत्तर वर्षं ज्या माणसानं रोज संध्याकाळी ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले, त्याला ती वेळ आल्यावर ते एकट्याला म्हणावे लागले. चूक पोराची नव्हती, माझी होती. आमच्या घरात सात वाजता आई-बाबा त्यांच्या खोलीत माळ म्हणायचे तेव्हा पोरं क्लासला असायची आणि मी विरार लोकलमध्ये. ऑक्टोबर महिन्यात चार दिवस सगळे एकत्र बसायचो, तेवढंच. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतातच, मग घरी कशाला, असं मी म्हणायचो. आता तो वर्गही इंग्रजीत गेला, तर मुलांनी हे कुठं शिकायचं?

माझी आई आता शहात्तर वर्षांची आहे. लाल लुगडं नेसून मिस्साला येणाऱ्या ज्या चार-पाच बायका आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) उरल्यात, त्यातली एक. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायचा. फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे, लोक पाठ केलेली लॅटिन उत्तरं द्यायचे, आणि मधल्या वेळात बायका आपापली माळ ओढत बसायच्या. ४ डिसेंबर १९६३ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. आई सांगते, पहिल्यांदा सगळं मराठीत ऐकलं तेव्हा तिची आजी रडली होती. "इतकी वर्षं फादर हेच म्हणत होते होय!" असं ती घरी येऊन म्हणाली म्हणे. त्या म्हातारीला अख्खं आयुष्य वाट बघावी लागली, आणि तिच्या खापरपणतवंडांच्या हातून आपण मराठी प्रार्थना एका सूचनेनं काढून घेतोय.

कौन्सिलची कारणं मला समजतात. मंगळुरी, गोवेकर, केरळी कुटुंबं आपल्याकडे राहायला आली, ती आपलीच माणसं आहेत आणि त्यांच्या मुलांना मराठी येत नाही. त्यांच्यासाठी इंग्रजी हवीच. आपल्याही मुलांना 'अनुग्रह', 'पुनरुत्थान', 'तारण' असले शब्द कळत नाहीत, हेही खरं. वर्ग घ्यायला येणाऱ्या तरुण मुलींची स्वतःचीच मराठी कच्ची आहे. एक सदस्य मला म्हणाले, "अरे, देवाला सगळ्या भाषा कळतात." कळतातच. प्रश्न आपल्या मुलांना काय कळतं हा आहे.

मुलगी सहा-सात वर्षांची असताना इंग्रजीत 'आमच्या बापा'ची प्रार्थना पाठ करून आली. रात्री जेवताना तिनं विचारलं, "आपण देवाकडे रोज ब्रेड मागतो, मग आजी भाकरी का करते?" तिच्या डोक्यात दुकानातला मेणकागदात गुंडाळलेला पाव होता. आईनं परातीतला तांदळाच्या पिठाचा गोळा हातावर घेतला, थापत थापत मोठा केला, तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मी मागते तेव्हा ही मागते. 'आमची रोजची भाकर.' ही!" पोरगी तव्याकडे बघत राहिली. भाकरी फुगली तेव्हा टाळ्या वाजवल्या तिनं. त्या दिवशी तिला जे कळलं ते सांगायला मला धर्मशिक्षणाचं अख्खं पुस्तक पुरलं नसतं.

बाबांचंही तसंच. 'मी द्राक्षवेल आहे, तुम्ही फांद्या आहात' हे शुभवर्तमानातलं वचन मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. द्राक्षाची वेल आम्ही कुणी पाहिलेली नव्हती. त्यांनी मला वाडीत नेऊन पानवेल दाखवली. वेलीपासून सुटलेला एक कोंब मातीत पडला होता, पानं अजून हिरवी होती. "उद्या दुपारी येऊन बघ," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो कोंब माना टाकून पडला होता. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, पाणी लावायला निघून गेले.

आपल्या वाडीत, आपल्या भाषेत शिकलेली श्रद्धा अंगात भिनते ती अशी.

आमच्या वाडीच्या कोपऱ्यात एक बावखल होतं. गोड्या पाण्याचं तळं. बाबांच्या लहानपणी त्यावर रहाट चालायचा, त्या पाण्यावर केळी आणि पानवेल पोसली. पुढं विजेचा पंप आला, बोअरवेल आली, बावखलात कचरा साठू लागला, डास झाले. मग घराच्या वाटण्या झाल्या आणि चुलतभावाला चाळ बांधायला जागा हवी होती. २००३ च्या उन्हाळ्यात चार डंपर माती पडली आणि दोन दिवसांत बावखल सपाट झालं. बाबा नको म्हणत होते. मी गप्प बसलो, कारण मलाही गाडी लावायला थोडी जागा मिळणार होती. आज आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलनंतर मचूळ लागतं. ज्यांनी ज्यांनी बावखलं बुजवली त्यांच्यातल्या एकानंही वसईचं पाणी संपवायचं असं ठरवलं नव्हतं. प्रत्येकाला स्वतःपुरती थोडीशी सोय हवी होती.

कौन्सिलच्या सूचनेतही 'सोयीसाठी' हाच शब्द होता म्हणून मला हे आठवलं.

आता मुलांबद्दल मनात काय आहे ते सांगतो, कारण हे सगळं शेवटी त्यांच्याचसाठी आहे.

मुलगा बहुतेक कॅनडाला जाईल. आपल्या गल्लीतली निम्मी पोरं गेली. कुणी तिकडं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी इस्रायलला म्हाताऱ्यांची सेवा करायला. मी त्याला अडवणार नाही. बापानं मुलाच्या पायात पाय घालू नये. पण तो तिथं गेल्यावर, जानेवारीच्या बर्फात कामावरून दमून आल्यावर, मनातल्या मनात देवाशी कुठल्या शब्दांत बोलेल, हे मला सतावतं. त्या वेळी त्याच्याजवळ आजीचे शब्द असावेत. तो जिथं राहील तिथल्या चर्चमध्ये इंग्रजी त्याला मिळेलच, ती कुणीही देईल. मराठी त्याला फक्त आपण देऊ शकतो, आणि त्यासाठी आपल्या हातात त्याची ही दोन-चार वर्षंच आहेत.

दुसरी काळजी त्याच्या मोबाइलची आहे. रात्री कानात घालून तो परदेशी प्रवचनकारांची इंग्रजी प्रवचनं ऐकतो. त्यातली काही चांगली असतात, मीही ऐकली. काहींमध्ये मात्र राग फार असतो. तिकडची भांडणं, तिकडचे शत्रू. मागच्या वर्षी एक दिवस त्यानं आजीला विचारलं, "आपण जास्वंदीच्या कळ्या दादरला पाठवतो, त्या गणपतीला वाहतात. ते पाप नाही का?"

माझ्या आईनं पस्तीस वर्षं पहाटेच्या लोकलनं दादरच्या फुलबाजारात फुलं नेली. रात्री कंदिलाच्या उजेडात तोडलेल्या जास्वंदीच्या कळ्या ओल्या फडक्यात बांधायच्या, सोनचाफा केळीच्या पानात, आणि साडेतीनला घर सोडायचं. त्या फुलांवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. ती शांतपणे म्हणाली, "फुलं देव देतो. मी तोडते, विकते. ज्या घरात जातील त्या घरात सुख राहो, असं म्हणून मी गाठोडं बांधते. यात पाप कुठंय रे?"

मला हे इथं सांगायचंय, कारण आईचं हे उत्तर तिला कुणी शिकवलेलं नाही. निर्मळच्या देवळाच्या जत्रेला जाणारी, शेजारच्या लग्नात हळद दळायला बसणारी, आणि रविवारचा मिस्सा कधी न चुकवणारी ही बाई आहे. शेजाऱ्याच्या भाषेत प्रार्थना करणारा माणूस शेजाऱ्याला परका मानत नाही. आपल्या मुलांची श्रद्धा परक्या मुलखातल्या भांडणांवर वाढली, तर ती इथंच राहून पोरकी होतील. आणि ज्या दिवसांत चार लोक आपल्याकडे संशयानं बघतात, त्या दिवसांत तर मला हे जास्तच जाणवतं.

मुलीला तो अनुभव आलाच. शाळांच्या स्पर्धेत तिनं मराठीत भाषण केलं, दुसरं बक्षीस आलं. परीक्षकांपैकी एक बाई कौतुकानंच म्हणाल्या, "तू ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलतेस!" घरी आली ती गप्पच. रात्री विचारलं, "पप्पा, आपण पोर्तुगीज आहोत का?"

मी तिला जवळ बसवून सांगितलं. पोर्तुगीज १५३४ मध्ये वसईत आले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. ते गेले, आपण इथंच राहिलो, कारण आपण इथलेच. भारताचे पहिले संत गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मले आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर त्यांनी प्राण दिले. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि तिच्या प्रेमात पडून त्यानं दहा हजारांहून जास्त ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं तेव्हा देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत छापावं लागलं, पण भाषा मराठीच ठेवली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. आणि आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू कशाला, म्हणून विरोध करणारे होतेच, पण ते अध्यक्ष झाले आणि मराठीतच बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

"म्हणजे पुढच्या वेळी त्या बाईंना सांगू का, की आम्ही चारशे वर्षं मराठीत लिहितोय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सांग, पण हसून सांग.

तिला एक गोष्ट मी सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज विजरईनं (व्हाइसरॉयनं) हुकूम काढला होता, की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावं आणि आपली बोली सोडून द्यावी. ज्या गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, त्याच गोव्यात, सत्तर वर्षांच्या आत. तो हुकूम बाहेरून आलेल्या राज्यकर्त्याचा होता, आणि तरीही लोकांनी घरातली भाषा सोडली नाही. आपला ठराव आपलीच माणसं करतायत, तेही मुलांवरच्या मायेपोटी. म्हणूनच तो मोडायला कुणी पुढं येणार नाही, ही मला भीती आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपल्या हॉलमध्ये पेढे वाटले होते. ते मीही खाल्ले.

माझं मागणं फार नाही. मुलांचा एक मिस्सा इंग्रजीत असेल तर महिन्यातले दोन रविवार तरी मराठीत ठेवा. वर्ग दोन्ही भाषांत ठेवा आणि निवड पालकांवर सोडा. पण फॉर्मवर 'मराठी' हा रकाना असू द्या, कारण रकानाच नसला की मागणारा कुणी उरत नाही. मराठी वर्गात पुस्तकी भाषेचा बडेजाव नको. 'पुनरुत्थान' न कळणाऱ्या पोराला 'येशू पुन्हा उठला' म्हणून सांगा, त्याला लगेच कळतं. बोलीतही सांगा. आमची कादोडी चर्चच्या पायरीवर चालते, मग वर्गात का नको? पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या (फर्स्ट कम्युनियनच्या) तयारीला येणाऱ्या प्रत्येक मुलानं माळेचे दोन्ही भाग मराठीत पाठ करावेत, एवढी एक अट घाला. आणि जी मुलं मराठी नाहीत, त्यांच्यावर सक्ती नको. त्यांना त्यांच्या मंगळुरी किंवा मल्याळी आजीची प्रार्थना शिकायला सांगा. तीही तेवढीच मोलाची आहे.

२०२५ चं चर्चचं जुबिली वर्ष आपण 'आशेचे यात्रेकरू' म्हणत साजरं केलं. बॅनर अजून कंपाउंडच्या भिंतीवर आहे, पावसानं फिका झालाय. माझी आशा मी वर लिहिली तीच. पोरं कुठंही जावोत, काहीही होवोत, कमी कमवोत की जास्त. त्यांना माणसांची भीती वाटू नये, माणसांना त्यांची वाटू नये, आणि कुणी म्हातारं माणूस पहिला भाग म्हणून थांबलं, तर त्यांना दुसरा यावा.

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी मुलगा आपण होऊन आजीच्या खोलीत जाऊन बसला. वहीत मराठी प्रार्थना इंग्रजी अक्षरांत लिहून घेतली. तीन महिने चुकत चुकत म्हणत होता. आता वही लागत नाही. क्लासची वेळ त्यानं साडेसात करून घेतली आहे.

वर्ग घ्यायला माणसं नाहीत हेच खरं कारण असेल, तर शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा मी मोकळा आहे, माझं नाव लिहून घ्या. आई म्हणते, तीपण येईल. तिला जिने चढवत नाहीत, म्हणून वर्ग तेवढा खालच्या मजल्यावर ठेवा.

आपला नम्र,
याच धर्मग्रामातला एक बाप
वसई